‘पर्यायी अन्न’ या संज्ञेची चिकित्सा : पेण-रोहा परिसर आणि दुसऱ्या महायुद्धातील टंचाई

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अन्नटंचाईविषयी जे लेखन झाले आहे, त्यात ‘पर्यायी अन्न’ ही संज्ञा इतक्या सहजपणे वावरते की, तिचा अर्थ स्वतंत्रपणे तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला भासलेली दिसत नाही. तांदूळ मिळेनासा झाला म्हणजे ज्वारी, गहू मिळेनासा झाला म्हणजे मका, साखर मिळेनाशी झाली म्हणजे गूळ, असा सरळ हिशेब तिच्यामागे गृहीत धरलेला असतो. परंतु पर्याय म्हटला की मूळ वस्तू आली. आणि मूळ वस्तू आली की ती कोणाच्या ताटातील मूळ, हाही प्रश्न आला. कशाऐवजी काय खाल्ले गेले, याची नोंद होते. कोणाऐवजी कोणी खाल्ले, याची होत नाही. पूर्वी कुलाबा व १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलके आहेत. खाडीकाठची भातखाचरे, डोंगरउतारावरील नाचणी-वरीची वरकस जमीन आणि कंदमुळांचे रान ही तिन्ही येथे एका दिवसाच्या पायवाटेत येतात. त्यामुळे एका घरचा पर्याय हे दुसऱ्या घरचे रोजचे जेवण असते, ही गोष्ट या भागात फार काळ झाकून राहत नाही.

टंचाईचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून वर्षाला सुमारे १५ लाख टनांच्या घरात येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई प्रांत मुळातच धान्याच्या बाबतीत तुटीचा. शिवाय त्याच्या राजधानीची भूक मोठी. २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. प्रांतात उत्पादकांकडून सक्तीने धान्य घेण्याची, म्हणजे लेव्हीची, पद्धत अमलात आली. १९४६ च्या आरंभी देशभर प्रौढ माणसाचा मूळ शिधा दिवसाला १२ औंसांवर, म्हणजे सुमारे १२०० कॅलरींवर, आणण्यात आला. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठू लागली, पुढच्याच वर्षी ती पुन्हा लादावी लागली, आणि १९५४ साली रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना ती शेवटी गेली. लोकांच्या तोंडी मात्र ‘कंट्रोल’ हा शब्द त्यानंतरही राहिला.

या व्यवस्थेचे यश नाकारण्याचे कारण नाही. १९४३ साली बंगालमध्ये जे घडले ते मुंबई प्रांतात घडले नाही. १९४५ च्या दुष्काळ चौकशी आयोगाने बंगालमधील मृत्यूंचा अंदाज सुमारे १५ लाख इतका दिला. पुढील अभ्यासकांनी तो त्याच्या दुपटीपर्यंत नेला. मुंबईचा अनुभव त्या पार्श्वभूमीवर उजळ दिसतो, आणि सर हेन्री नाइट यांचा १९३९ ते १९४७ या काळातील अन्नप्रशासनावरील ग्रंथ (१९५४) एका जाणत्या प्रशासकाच्या हातून उतरलेला आहे. तथापि या सर्व लेखनाची दृष्टी गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची आहे. धान्य कोठून आत आले आणि कोठे बाहेर गेले, हे तिला स्वच्छ दिसते. बाहेर गेलेले धान्य ज्या घरातून आले, त्या घरात त्या रात्री काय शिजले, हे तिला दिसत नाही. पेण-रोह्याच्या बाबतीत हा दृष्टिदोष विशेष जाणवतो, कारण हा प्रदेश मुंबईच्या अगदी समोर आहे. त्या काळी येथे रेल्वे नव्हती; धरमतरची खाडी आणि तिच्यातून चालणारी गलबते, हाच मुंबईशी व्यवहाराचा मोठा मार्ग होता. तांदूळ पिकविणारा भाग आणि तांदूळ खाणारे शहर यांच्यामध्ये केवळ एका भरती-ओहोटीचे अंतर होते.

‘पर्याय’ या कल्पनेचा सर्वांत काटेकोर विचार आपल्याकडे अर्थशास्त्राने केलेला नाही, तो मीमांसेने केला आहे. यज्ञाला सांगितलेले व्रीही मिळाले नाहीत तर काय करावे, हा जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील प्रश्न. उत्तर असे की, व्रीहींशी साम्य असलेले नीवार, म्हणजे रानभात, घ्यावे. त्यांना ‘प्रतिनिधी’ म्हणावे. आणि नीवार घेतले तरी मंत्रात व्रीहींचेच नाव राहावे. प्रतिनिधी मूळ वस्तूच्या नावाने वावरतो, त्याला स्वतःचे नाव मिळत नाही, हा या सिद्धान्तातील अत्यंत सूक्ष्म भाग होय. दुसरा भाग याहून महत्त्वाचा आहे. साम्य असले तरी काही धान्ये प्रतिनिधी होऊच शकत नाहीत, कारण ती यज्ञाला निषिद्ध आहेत. त्यांत माष, वरक आणि कोद्रव यांची गणना केलेली आहे. (‘वरक’ म्हणजेच आजची वरी, असे नामसादृश्यावरून म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.) कोद्रव म्हणजे मात्र कोकणातला हरीक, याविषयी शंका नाही. म्हणजे कुलाब्याच्या डोंगरउतारावर ज्या धान्यावर गरिबाचे पोट चाले, ते धान्य तांदळाची जागा घेण्यास अपात्र आहे, असा निर्णय कित्येक शतकांपूर्वीच झालेला होता. या निर्णयात पोषणाचा प्रश्न नव्हता, पात्रतेचा होता.

शिधावाटपाने या शास्त्राचा, नकळत का होईना, निम्मा भाग उचलला. साम्याची कसोटी त्याने बदलली: रूप, तूस, कणीदार घडण यांच्या जागी औंस आणि कॅलरी आल्या. एक औंस तांदळाऐवजी एक औंस गहू किंवा ज्वारी, हा नवा प्रतिनिधिन्याय. कार्डावर ‘धान्य’ एवढाच शब्द. त्या शब्दाखाली कोणते धान्य येईल, हे आठवड्यावर अवलंबून. प्रशासनाच्या सोयीचा विचार केला तर यात वावगे काही नाही. परंतु धान्य म्हणजे केवळ उष्मांक नव्हे. त्याच्यामागे दळण, भांडे, सरपण, हाताची सवय आणि पोटाची सवय उभी असते. तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या बंगालमधील भुकेल्या माणसांना लंगरातून बाजरी-ज्वारीची पातळ खिचडी दिली गेली तेव्हा ती अनेकांना पचली नाही. कोकणातील स्थिती तितकी टोकाची नव्हती. भाकरी येथे परकी नाही. पण येथील भाकरी तांदळाची किंवा नाचणीची, उकड काढून थापलेली. गव्हाच्या कणकेला जे मळणे आणि लाटणे लागते ते या चुलीवर रोजचे नव्हते. गहू येथे सणाचे धान्य होते. सणाचे धान्य टंचाईचे धान्य म्हणून हाती पडावे, ही त्या काळातील एक चमत्कारिक उलथापालथ होती.

तांदळाच्या प्रदेशात तांदूळच का संपला, याचे उत्तर जमिनीपासून शोधावे लागते. पेणचा खाडीकाठ म्हणजे खारेपाट. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाने माती धुऊन घ्यायची आणि मोड आणलेले बी रहू पद्धतीने फेकून पेरायचे, अशी ही शेती. तीत खाऱ्या मातीला सोसणारे जाडे, तांबडे भात होते, आणि दुसरे जवळजवळ काहीच होत नाही. बांध फुटून खाडी आत शिरली तर शेत पुढची काही वर्षे निकामी होते. येथल्या आगरी कुटुंबाला भात गेले म्हणजे शेतातून दुसरा आधार नाही, आधार खाडीचा. चिंबोऱ्या, निवट्या, कोलीम, सुकी मासळी. उलट रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यातून डोंगर चढू लागले की, खाचरांच्या वर वरकस जमीन लागते. तेथे नाचणी, वरी, हरीक. आणि भात निघाल्यावर खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल. वाल हे या भागातले खरे बळाचे अन्न, आणि युद्धकाळाच्या अहवालांत त्याला जागा नाही, कारण ते ना तृणधान्य ना बाजारातली मोठी डाळ.

या दोन मुलखांतील देवघेव जुनी होती. मीठ, मासळी आणि भात वर जाई. नाचणी, वाल, लाकूडफाटा खाली येई. पर्यायाचा खरा अर्थ या देवघेवीत होता: एका जमिनीची तूट दुसरी जमीन भरून काढी. जिल्हा हा हिशेबाचा एकक धरणाऱ्या पद्धतीला हे दिसणे कठीण होते. तिच्या लेखी कुलाबा हा भाताचा जिल्हा. त्यातही रोह्याच्या पश्चिमेला व दक्षिणेला जंजिरा संस्थान, आणि १९४८ पर्यंत त्याचा कारभार वेगळा. म्हणजे म्हसळ्याची नाचणी आणि रोह्याची नाचणी यांच्यामध्ये एक राज्यसीमा उभी. धान्याच्या हालचालीला परवाना लागू लागला की, अशा सीमेवर सर्वांत आधी अडते ते डोक्यावरच्या पाटीतले धान्य, गलबतातले नव्हे.

वर्षाचा सरासरी हिशेब हा दुसरा दोष. या भागात भूक ही वर्षभर सारखी पसरलेली नसते. भाताची कापणी आश्विन-कार्तिकात. शिमग्यापर्यंत कणगीत दाणे असतात. आषाढापासून भाद्रपदापर्यंत नसतात. नेमके तेव्हा लावणीचे, बेणणीचे कष्ट सर्वांत जास्त. या महिन्यांसाठी सावकाराकडून भात उचलायचे आणि पीक येताच दिढीने किंवा त्याहून अधिक फेडायचे, ही खावटी. १९३९ च्या सिमिंग्टन अहवालाने शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या संदर्भात या कर्जाची कथा मुंबई सरकारपुढे ठेवली होती; कुलाबा जिल्हा त्या पाहणीच्या क्षेत्रात नव्हता, परंतु खावटीने जिल्ह्याची सीमा कधी पाळली नाही. लेव्ही कापणीनंतर घेतली जाते आणि टंचाई पावसात जाणवते. कणगीतून कार्तिकात गेलेला दाणा श्रावणात पर्याय शोधायला लावतो. १९४३ किंवा १९४४ चा कोणताही वार्षिक आकडा हे अंतर दाखवू शकत नाही.

आता रानाकडे वळता येईल. टंचाईच्या अन्नाविषयीचे जुन्यांपैकी एक महत्त्वाचे छापील साधन म्हणजे मुंबई गॅझेटियरचा वनस्पतिशास्त्रावरील २५ वा खंड (१८८६). त्यातील उपयुक्त वनस्पतींचा भाग मुंबईत वैद्यकी करणारे गोव्याचे डॉ. जे. सी. लिस्बोआ यांचा. १८७६-७८ च्या महादुष्काळाला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती, आणि दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींना त्याने वेगळे प्रकरण दिले, हे त्याचे मोठे श्रेय. पण यादी ही यादीच असते. वनस्पतीचे नाव आणि खाण्याचा भाग एवढ्याने अन्न होत नाही. कडूकंद रानात आहे. तो उपटून भाजून खाल्ला तर माणूस ओकारीने आणि घशाच्या आगीने हैराण होतो. त्याचे पातळ काप करावे लागतात, राखेबरोबर उकडावे लागतात आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. मग तो अन्न होतो. नवा हरीक चढतो, म्हणून तो मुरू देतात किंवा शेणपाण्याचा संस्कार करून मग सडतात. भेर्लीमाड पाडून त्याचा गाभा कांडायचा, पाण्यात कालवून पीठ खाली बसू द्यायचे आणि वाळवायचे, यात दोन-तीन माणसांचे दिवस जातात. आंब्याच्या कोयीतला गर, फणसाच्या आठळ्या, टाकळ्याची भाजी यांना श्रम कमी, पण हंगाम आखूड. ‘पर्यायी अन्न’ म्हणून ज्यांची नावे मोजली जातात, त्यांतील निम्म्या वस्तू ज्ञानावाचून विष आहेत, आणि ते ज्ञान या तालुक्यांत मुख्यतः कातकरी आणि ठाकूर बायकांच्या हातात होते. ए. एन. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४ साली मुंबईत प्रसिद्ध झालेला होता. हा समाज सुशिक्षितांना अज्ञात होता, असे म्हणण्याची सोय नाही. तरीही अन्नखात्याच्या कल्पनेत त्याला स्थान होते ते शिधा घेणारा म्हणून. अन्न जाणणारा म्हणून नव्हे.

येथेच संज्ञेचा पोकळपणा उघड होतो. कातकरी वाडीवर करांदे, कणक, कडूकंद यांना कोणी पर्याय म्हणत नाही. ते त्या त्या महिन्याचे जेवण. त्यांच्याऐवजी भात मिळाला तर चांगलेच. पण न मिळाल्याने काही ‘मूळ’ हरवले, अशी भाषा नाही. हीच वस्तू पेणच्या पेठेत पांढरपेशा घरी शिजली तर ती टंचाईची खूण ठरते. आणि याच्या अगदी उलटही घडते. पावसाच्या तोंडावर उगवणारे शेवळे घ्यावे. त्याची खाज मोडण्यासाठी त्यात काकडाची आंबट फळे घालतात. रोह्यातल्या कायस्थ प्रभू घरात शेवळ्याची भाजी हे वर्षातून एकदा येणारे कौतुकाचे पक्वान्न. सुकटीबरोबर नाहीतर कोलंबीबरोबर. रानातून ते आणून बाजारात विकणारी कातकरीण त्याच्या पैशातून तांदूळ नेते. एकाच जुडीच्या एका टोकाला चव आहे आणि दुसऱ्या टोकाला भूक. वनस्पतिशास्त्राच्या यादीत दोघांना एकच ओळ मिळते.

उपवासाच्या पदार्थांचा या संदर्भात कोणी विचार केलेला दिसत नाही, हे आश्चर्य आहे. वरीचे तांदूळ एकादशीला पवित्र. डोंगरकोळ्याच्या मडक्यात तेच गरिबीचे लक्षण. साबुदाण्याची कथा तर याहून रंजक आहे. युद्धापूर्वी तो बहुतांशी मलाया-जावाकडून येत असे. जपानने तो मार्ग बंद केल्यावर १९४३ च्या सुमारास मद्रास प्रांतातील सेलम येथे टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा काढण्याचा धंदा उभा राहिला, आणि पुढे तोच महाराष्ट्राच्या उपवासाचा आधार झाला. म्हणजे आज चतुर्थीला जो पदार्थ निःशंकपणे खाल्ला जातो तो शुद्ध युद्धकालीन पर्याय होय. मंत्रात मात्र नाव जुनेच राहिले. मीमांसकांना हे उदाहरण आवडले असते. दरम्यान, भेर्लीमाडाच्या गाभ्याचे घरचे सत्त्व, जे साबुदाण्याचेच सगोत्र, ते कोकणात दुष्काळी अन्नाच्या सदरात पडून राहिले. दूरच्या कंदाला पात्रता मिळाली, अंगणामागच्या झाडाला मिळाली नाही.

पर्याय या शब्दाने एक वास्तविक हानीही झाकली जाते. तांदूळ दुर्मिळ झाला की, ज्याच्याजवळ पैसा आहे तो नाचणीकडे वळतो. मग नाचणीचा भाव चढतो आणि जो पूर्वीपासून नाचणी खात होता तो हरकाकडे, कंदाकडे सरकतो. वरच्या पायरीवरील माणसाचा पर्याय म्हणजे खालच्या पायरीवरील माणसाच्या ताटातील घास. पायऱ्यांच्या तळाशी असलेल्याला रान उरते. आणि राखीव जंगलाच्या नियमांनी तेही पुरते त्याचे नसते. युद्धखर्चासाठी वाढलेल्या चलनाने ही घसरण वेगाने केली. ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या घराण्यातले, हा योगायोग टिपणभर नोंदवावा. नोटांचा प्रश्न त्यांच्या हाती येण्यापूर्वीच फुगलेला होता, आणि तो दिल्ली-लंडनकडचा होता.

युद्धानंतरच्या ‘साहाय्यक अन्ना’च्या सरकारी मोहिमांत हाच विचार अधिक शास्त्रीय वेषात आला. १९५० साली म्हैसूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेने टॅपिओका आणि शेंगदाण्याच्या पिठापासून कृत्रिम तांदूळ बनविण्याचे प्रयोग केले. प्रयोग कल्पक होते यात वाद नाही. परंतु त्यांचा आग्रह पाहण्यासारखा आहे: कंद खायचा तर तो तांदळाच्या दाण्याचे रूप घेऊनच खायचा. नीवारांनाही एवढे सोंग घ्यावे लागले नव्हते. १९६५ च्या युद्धात लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते देशाने मानलेही. त्या आवाहनाचा नैतिक जोर मोठा होता, पण ते ऐकणाऱ्याच्या घरी चौदा जेवणे असतात, असे त्यात धरलेले होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेची तांबडी मिलो खाल्ली आणि तिच्याविषयीची नाराजी अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येते. तेव्हा घाटावरच्या गावांतही गुरांचे धान्य माणसाला, असाच शब्द होता. म्हणजे पुन्हा पात्रतेचाच.

पोषणशास्त्राने हा क्रम आता उलटा लावला आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम, तर सडीक तांदळात १० च्या आसपास, हे आकडे सर्वत्र छापले जातात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि मुंबईच्या दुकानात नाचणीचे पीठ तांदळापेक्षा महाग विकले जाते. दुसरीकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये किलोने दिला आणि २०२३ पासून तो फुकट मिळू लागला. पेण-रोह्याच्या डोंगराकडील कातकरी वाडीवर आज चुलीवर शिजतो तो बहुधा हाच तांदूळ. वरकस जमिनीवर नाचणी पेरणारे हात कमी झाले, कडूकंद धुण्याची रीत ठाऊक असलेल्या बायका म्हाताऱ्या झाल्या, आणि त्या रीतीची नोंद महीन्यानुसार, घरानुसार व श्रमाच्या हिशेबासह करण्याचे काम अद्याप झालेले नाही. ज्यांच्या लेखी तांदूळ हाच पर्याय होता, त्यांच्याकडून ही माहिती घेण्यास अजून थोडी वर्षे शिल्लक आहेत.